इंजिन अंगणात उघडतं तेव्हा

शेतातून येऊन टेकलेल्या, भाकरी थापता थापता ऐकणाऱ्या, आणि गटाच्या बैठकीत मोबाइल मधोमध ठेवून ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार.

या कार्यक्रमात आपण शेळ्यांवर बोललो, पापड-कुरडयांवर बोललो, बँकेच्या हप्त्यावर तर कितीदा बोललो. आजचा विषय जरा काळा आणि तेलकट आहे. आज आपण डिझेल इंजिनवर बोलणार आहोत. ते बंद पडलं, मिस्त्री घरी आला आणि त्यानं अंगणात इंजिन उघडलं, तर आपण काय बघायचं, काय विचारायचं, काय लिहून ठेवायचं, ते सांगणार आहे.

तुम्ही म्हणाल, ताई, हे बायांच्या कार्यक्रमात कशाला? कारण अगदी साधं आहे. आपल्या भागात बायांनी गटातून कर्ज काढून इंजिनं घेतलेली आहेत. कुणाचं गोदाकाठी पाण्यावर आहे, कुणाचं पिठाच्या गिरणीला जोडलंय, कुणाचं मळणीयंत्राला, कुणाचं रसवंतीला. लाईट सांगून जात नाही आणि सांगितल्या वेळेला येत नाही, म्हणून इंजिन लागतं. कर्जाच्या कागदावर सही आपली, हप्ता आपला, परतफेडीच्या रकान्यात नाव आपलं. पण इंजिन बंद पडलं की चार पुरुष त्याच्याभोवती गोळा होतात आणि आपण चहा ठेवायला आत जातो. कप घेऊन बाहेर येईपर्यंत ठरलेलं असतं, 'फुल इंजिन करावं लागतंय' नाहीतर 'हे विका, नवं घ्या'. किती पैसे लागणार, कशाला लागणार, हे आपल्याला नंतर कळतं. फेडायचं मात्र आपल्याला असतं.

म्हणून आज माझं एकच सांगणं आहे. इंजिन उघडतं तेव्हा हप्ता भरणाऱ्या बाईनं तिथं बसलं पाहिजे. पाना तिच्या हातात नसला तरी चालेल, वही असली पाहिजे.

आता आधी या यंत्राशी ओळख करून घेऊ. डिझेल हे नाव तेलाचं आहे असं आपल्याला वाटतं. खरं तर ते माणसाचं आडनाव आहे. रुडॉल्फ डिझेल नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १८९७ साली हे इंजिन नीट चालवून दाखवलं. आपल्या महाराष्ट्रात इंजिन म्हटलं की किर्लोस्करांचं नाव येतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात केली, १९०३ साली लोखंडी नांगर केला, १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. पुढं १९४६ साली पुण्याला ऑइल इंजिनाची कंपनी निघाली. विहिरीवरची मोट गेली आणि काठावर इंजिनाची धडधड आली, ती अशी.

आपल्याकडच्या पाण्याच्या नाहीतर गिरणीच्या इंजिनात बहुतेक वेळा एकच सिलिंडर असतो. उदाहरणाला किर्लोस्करांचं टीव्ही-१ नावाचं इंजिन घ्या. त्याच्या सिलिंडरची रुंदी ८७.५ मिलिमीटर आहे आणि पिस्टन वरून खाली ११० मिलिमीटर धावतो. ताकद साधारण सात हॉर्सपॉवर. हेच इंजिन कितीतरी इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळेत मांडलेलं असतं. पोरं त्याच्यावर शिकतात, प्रबंध लिहितात. ज्याच्यावर शहरातली पोरं परीक्षा देतात त्याच जातीचं यंत्र आपल्या अंगणात आहे. ते आपल्याला कळणार नाही असं समजायचं काही कारण नाही.

ते चालतं कसं? चार कामं आहेत, एकामागून एक. पिस्टन खाली जातो, हवा आत ओढतो. पिस्टन वर येतो, हवा दाबतो. ही हवा सतरा-साडेसतरा पट दाबली जाते. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं बूड गरम होतं, ते आपल्याला माहीत आहे. इथं दाब फार मोठा, म्हणून हवा इतकी तापते की तिच्यावर डिझेलचा बारीक फवारा पडला की आपोआप पेट घेतो. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. पेटलेल्या वायूनं पिस्टन खाली ढकलला जातो. हेच आपलं काम, ह्याच्यावरच गिरणी फिरते. आणि चौथं काम, पिस्टन पुन्हा वर येऊन धूर सायलेन्सरमधून बाहेर टाकतो. ओढा, दाबा, पेटवा, बाहेर टाका. एवढंच.

आता हिशेब बघा. हे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेतं. दोन फेऱ्यांना एकदा पेट होतो, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा. पिस्टन एका फेऱ्यात ११० मिलिमीटर खाली आणि तेवढाच वर जातो. तासाभराची बेरीज केली तर पिस्टन सिलिंडरमध्ये जवळजवळ २० किलोमीटर घासत धावतो. रोज चार तास गिरणी चालली तर ८० किलोमीटर. लोखंडावर लोखंड, मध्ये फक्त ऑइलचा पातळ थर. ऑइल कमी असेल, काळंकुट्ट झालं असेल, तर काय होत असेल ते सांगायला मिस्त्री नको.

आता मुद्द्यावर येऊ. इंजिन बंद पडलं किंवा ताकद देईना, तर पहिला प्रश्न असा, उघडायची गरज आहे का? पुष्कळदा नसते. आधी स्वस्तातल्या गोष्टी बघायच्या. टाकीत डिझेल आहे का, कॉक चालू आहे का? डिझेलचं फिल्टर कधी बदललं? नळीत हवा धरली आहे का? टाकी रिकामी होऊन इंजिन बंद पडलं असेल तर नळीत हवा शिरते आणि ती काढल्याशिवाय इंजिन लागत नाही. हवेची गाळणी, म्हणजे एअर क्लीनर, पिठानं आणि धुरळ्यानं बुजली आहे का? गिरणीच्या खोलीत हे फार होतं. पट्टा फार आवळलाय का, जात्याचे दगड जास्त दाबलेत का? एवढं बघूनही बरं वाटलं नाही, तर पुढं जायचं.

दुसरी खूण धुराची. धूर खोटं बोलत नाही. काळा धूर येत असेल तर डिझेल जास्त होतंय नाहीतर हवा कमी पडतेय. गाळणी, नोजल आणि इंजिनावरचा भार तपासा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. रिंगा नाहीतर व्हॉल्व्हच्या वाटा झिजल्या असतील. पांढरा धूर थंड इंजिनाला सकाळी थोडा येतो, पण गरम झाल्यावरही थांबत नसेल तर डिझेल न जळता बाहेर पडतंय किंवा पाणी आत शिरतंय.

तिसरी खूण ऑइलची. ऑइलची पट्टी ओढून बघा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर त्यात पाणी मिसळलंय, इंजिन चालवायचं नाही, ताबडतोब थांबवायचं. ऑइल वाढलेलं दिसलं, पातळ झालं आणि डिझेलचा वास आला, तरी थांबवायचं.

चौथी खूण हाताला कळते. डिझेल बंद ठेवून हँडल सावकाश फिरवलं आणि दाबाचा खटका खाली टाकला, तर चांगलं इंजिन हाताला जोरात अडवतं. हँडल मऊ गेलं, रिकाम्या रहाटासारखं फिरलं, तर दाब कुठून तरी निसटतोय. व्हॉल्व्हमधून, रिंगांमधून नाहीतर हेडच्या गॅस्केटमधून. आता मात्र उघडावं लागेल.

इथं एक घडलेली गोष्ट सांगते. गेवराई भागातल्या एका गटाची गिरणी. इंजिन सुरू व्हायला त्रास देत होतं, धूर निळसर, दळण अर्ध्यावर आलं की दम टाकायचं. बघायला आलेल्यानं वरूनच सांगितलं, फुल इंजिन. म्हणजे लायनर, पिस्टन, क्रँकचं ग्राइंडिंग, बेअरिंग, सगळंच. रक्कम ऐकून बाया गप्प झाल्या. मग गटाच्या सचिव म्हणाल्या, "भाऊ, आधी हेड खोला, आम्हाला दाखवा, मोजा, मग काय टाकायचं ते ठरवू." मिस्त्री थोडा नाराज झाला, पण त्यानं खोललं. व्हॉल्व्हच्या बसायच्या जागी खड्डे पडलेले, रिंगा काजळीनं जाम झालेल्या. लायनर काढून तालुक्याच्या लेथवाल्याकडं नेला. त्यानं मापून सांगितलं, झीज आहे पण पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत आहे. क्रँकही मापात निघाली. शेवटी व्हॉल्व्ह घासून बसवले, रिंगा नव्या टाकल्या, गॅस्केट नवं, नोजल तपासून घेतलं. सांगितलेल्या रकमेच्या निम्म्याहून कमी खर्च आला आणि गिरणी चालू झाली.

ही गोष्ट ऐकून कुणी असं समजू नका की मिस्त्री म्हणजे लुबाडणारा. माजलगावच्या बाजूची दुसरी गोष्टही ऐका. एका बाईनं पैसे वाचवायचे म्हणून हट्ट धरला, फक्त रिंगा टाका. मिस्त्री सांगत होता, क्रँक बघू द्या. तिनं ऐकलं नाही. क्रँक एका बाजूनं झिजून लंबगोल झाली होती. एका हंगामात रिंगांचे पैसेही गेले आणि बेअरिंगही गेलं. म्हणजे मिस्त्रीचा अंदाज खरा की आपला अंदाज खरा, हा वाद घालूच नका. माप विचारा. माप दोघांनाही वाटेवर आणतं.

आता इंजिन उघडतानाचा क्रम सांगते. हा क्रम वहीत लिहून घ्या.

जागा आधी झाडून घ्या, पाणी शिंपडा, वर खाली ताडपत्री अंथरा. धूळ ही इंजिनाची वैरीण आहे आणि आपल्या अंगणात ती भरपूर आहे. डिझेलचा कॉक बंद करायचा. इंजिन थंड झाल्यावर पाणी सोडायचं, मग ऑइल सोडायचं. ऑइल पसरट भांड्यात घ्या आणि उन्हात बघा. त्यात चकाकणारी लोखंडाची किंवा पितळी कणी दिसली तर वहीत लिहा, मिस्त्रीला दाखवा. बेअरिंग झिजल्याची ती खूण असू शकते.

काही सोडण्याआधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. कुठली नळी कुठं जाते, कुठला नट कुठं बसतो, ते फोटोत राहतं. मग डिझेलच्या नळ्या सोडायच्या आणि त्यांच्या तोंडांना स्वच्छ फडकं बांधायचं. एअर क्लीनर, सायलेन्सर, नोजल, रॉकर, त्याखालच्या दांड्या, अशा क्रमानं काढत जायचं. हेडचे नट एकदम एका बाजूचे सोडायचे नाहीत. समोरासमोरचे, थोडे थोडे, आलटून पालटून सोडायचे, नाहीतर हेड वाकडं होतं. हेड दोघांनी सरळ वर उचलायचं आणि फळीवर ठेवायचं, मातीत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. काढलेली प्रत्येक वस्तू कुठं ठेवता? इथं आपण बाया मिस्त्रीपेक्षा तरबेज आहोत. मसाल्याच्या डब्यात जिऱ्यात मोहरी जाऊ देत नाही ना आपण? तसंच करायचं. प्लास्टिकचे डबे, जुन्या ताटल्या, पिशव्या घ्या. हेडचे नट एका डब्यात, रॉकरचे दुसऱ्यात, नोजलचे तिसऱ्यात. वर कागद चिकटवा, त्यावर नाव आणि आकडा लिहा. ज्या जागेचा व्हॉल्व्ह त्याच जागी परत गेला पाहिजे. कनेक्टिंग रॉडचं टोपण ज्या बाजूनं होतं त्याच बाजूनं बसलं पाहिजे, म्हणून सोडण्याआधी खूण करायला सांगा.

परदेशात हौशी माणसं स्पोर्ट्स कार, म्हणजे जोरात पळणारी बुटकी मोटार, घराच्या शेडमध्ये उभी करतात आणि सुट्टीच्या दिवशी तिचं इंजिन स्वतः बाहेर काढून दुरुस्त करतात. पोर्शे नावाची जर्मन मोटार आहे. तिच्या ९११ या मॉडेलचं इंजिन मागच्या बाजूला असतं, त्यात सहा सिलिंडर. ते वर उचलून काढत नाहीत, गाडी वर करून इंजिन खाली उतरवून घेतात. त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर दिसतात. आपल्या गटातल्या पोरी ते बघतात आणि थक्क होतात. पण नीट बघितलं तर त्यात ताकदीचं काम थोडं आहे. ताकद साखळीची, जॅकची. माणसाचं काम आहे ते पिशव्यांवर नावं लिहिण्याचं, फोटो काढण्याचं, पुस्तिका वाचून एकेक पायरी जाण्याचं. त्या लाखो रुपयांच्या मोटारीला आणि आपल्या गिरणीच्या इंजिनाला नियम एकच लागू पडतो, काढलेलं हरवू नये आणि उलटं बसू नये.

आपल्याच महाराष्ट्रात सांगली जिल्ह्यात देवराष्ट्रे गाव आहे. तिथले दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सामानातून छोटी चारचाकी केली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. साधारण साठ हजार रुपये खर्च आला. २०२१च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि २०२२च्या जानेवारीत तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. लोहारांकडं मोठी पदवी नव्हती, हातातलं काम होतं. अंगणात बसून यंत्र समजून घेता येतं, हे त्यांनी सगळ्यांना दाखवलं.

आता मोजमाप. हेड निघाल्यावर मिस्त्रीला हे विचारा. एक, व्हॉल्व्ह गळतात का? हेड आडवं करून व्हॉल्व्हच्या वाटेत थोडं डिझेल ओततात. दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्हच्या कडेनं पाझरलं, तर तो नीट बसत नाही. हे आपण डोळ्यांनी बघू शकतो. दोन, लायनरचं माप किती? वर, मध्ये आणि खाली तिन्ही ठिकाणी मोजायचं, कारण वरच्या बाजूला झीज जास्त होते. तीन, रिंग लायनरमध्ये घालून तिच्या तोंडातली फट किती? ती पातळ पत्त्यांच्या फिलर गेजनं मोजतात. चार, क्रँकचं माप किती आणि ती गोल आहे का? पाच, नोजल तपासणीच्या यंत्रावर लावलं का? फवारा बारीक धुक्यासारखा हवा, थेंब गळायला नको. हे पाच आकडे आणि उत्तरं वहीत लिहा आणि शेजारी पुस्तिकेतला आकडा लिहा. पुस्तिका हरवली असेल तर विक्रेत्याकडून मागून घ्या. मग ठरवा. हा निर्णय त्याच दिवशी घ्यायची सक्ती नाही. ताडपत्रीनं झाका, संध्याकाळी बैठक घ्या, सकाळी सांगा.

सामान आणायला आपल्यातली एक बाई मिस्त्रीबरोबर जाऊ द्या. पक्कं बिल घ्या. आणि जुने काढलेले सुटे भाग परत मागून घ्या. "भाऊ, जुन्या रिंगा आमच्याकडं राहू द्या" असं म्हणायला लाजायचं नाही. काय बदललं याचा तोच पुरावा.

परत बसवताना गॅस्केट नवं हवं, जुनंच उलटं करून लावू देऊ नका. पिस्टन, रिंगा, बेअरिंग सगळ्यांना स्वच्छ ऑइल लावून बसवायचं. रिंगांची तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दाब तिथूनच निसटतो. हेडचे नट पुन्हा समोरासमोरचे, टप्प्याटप्प्यानं आणि टॉर्क पान्यानं आवळायचे. टॉर्क पाना किती आवळलं ते दाखवतो. मनगटाच्या अंदाजानं आवळलेलं हेड थोड्या दिवसांत पाणी सोडू शकतं. मग टॅपेटची फट लावायची, नळीतली हवा काढायची, नवं ऑइल आणि पाणी भरायचं.

सुरू झालं की लगेच दळण टाकू नका. आधी रिकामं चालवा, कुठं गळतंय का बघा. रिंगा नव्या असतील तर सुरुवातीचे दिवस हलकं काम द्या आणि पहिलं ऑइल लवकर बदला. थोडे तास चालल्यावर मिस्त्रीला एकदा परत बोलवून टॅपेट तपासून घ्या, हेडचे नटही पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणं बघायला लावा. मजुरीतले थोडे पैसे या दुसऱ्या फेरीनंतर देऊ, असं आधीच बोलून ठेवलं तर दोघांनाही बरं.

आता जिवाचं सांगते, कान देऊन ऐका. इंजिन चालू असताना पदर, ओढणी, मोकळी वेणी जवळ नको. पदर खोचा, केस बांधा. पट्ट्यावर जाळी हवीच. बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही. त्याच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस झोपल्या जागी जातो. नोजलचा फवारा हातावर घेऊन बघायचा नाही. तो इतक्या जोरात येतो की कातडीतून आत शिरतो. जखम सुईएवढी दिसते, पण हात जायची वेळ येऊ शकते, म्हणून तसं झालं तर दुखत नसलं तरी लगेच दवाखाना गाठायचा. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, मुठीला विळखा घालू नका. हँडल उलटं फिरलं तर अंगठा मोडतो. सुटे भाग पेट्रोलनं धुवायचे नाहीत, आणि डिझेलनं धुताना जवळ चूल, बिडी, उदबत्ती नको. इंजिन उचलायचं असेल तर साखळीची पुली आणि मजबूत तिपाई वापरा. लिंबाच्या वाळल्या फांदीवर विश्वास ठेवू नका, आणि लटकलेल्या ओझ्याखाली हात-पाय घालू नका. जुनं ऑइल विहिरीजवळ, बोअरजवळ ओतायचं नाही, चूल पेटवायलाही वापरायचं नाही. कॅनमध्ये भरून झाकून ठेवा आणि जुनं ऑइल घेणाऱ्याला द्या.

आपल्या जिल्ह्याची म्हणून आणखी एक गोष्ट. दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी घरं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. मार्च-एप्रिलपर्यंत घराला कुलूप आणि इंजिन एकटं. उभं राहिलेलं इंजिन चालणाऱ्या इंजिनापेक्षा लवकर बिघडतं. पाणी आत राहून गंज धरतो, रिंगा लायनरला चिकटतात, सायलेन्सरच्या तोंडातून पावसाचं पाणी नाहीतर उंदीर आत जातो. परत आल्यावर हँडल हलत नाही आणि उचलीच्या पैशातले उरलेसुरले चार पैसे तिथं जातात. म्हणून जाताना एवढं करा. जुनं ऑइल काढून नवं भरा आणि दोन मिनिटं इंजिन चालवा. मग इंजिन थंड झाल्यावर पाणी पूर्ण सोडून द्या. टाकीचा कॉक बंद करा. सायलेन्सरच्या आणि एअर क्लीनरच्या तोंडाला डबा किंवा प्लास्टिक घट्ट बांधा. गावात राहणाऱ्या मैत्रिणीला सांगा, महिन्यातून एकदा डिझेल बंद ठेवून हँडलचे चार फेरे मार. आल्यावर सुरू करण्याआधी बांधलेलं प्लास्टिक काढायला आणि पाणी भरायला विसरू नका.

शेवटचं सांगणं दप्तराचं. गटाच्या पंचसूत्रीत लेखे ठेवणं आहेच. त्याच कपाटात इंजिनाची एक वही ठेवा. तारीख, किती तास चाललं, डिझेल किती, ऑइल कधी बदललं, गाळणी कधी साफ केली, मिस्त्री कधी आला, काय माप निघालं, काय टाकलं, किती पैसे. दर बैठकीत बचतीनंतर ही वही वाचायची. तासाला डिझेल वाढत चाललंय हे वहीतच आधी दिसतं, इंजिन बंद पडायच्या कितीतरी आधी. आणि नवं घ्यायचं की दुरुस्त करायचं, हा प्रश्न आला की मागच्या वर्षांची बेरीज समोर असते. मग कुणाच्या मोठ्या आवाजावर निर्णय होत नाही.

आणि ज्या घरात दहावी झालेली पोरगी आहे आणि तिला यंत्रात रस आहे, तिथं आयटीआयच्या मेकॅनिक डिझेल या ट्रेडची चौकशी करा. एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बाईचं हे काम नाही असं कुणी म्हटलं तर सुधा कुलकर्णींचं सांगा. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत लिहिलं होतं की मुलींनी अर्ज करू नये. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून विचारलं, असं का? त्यांना बोलावणं आलं आणि पुण्याच्या कारखान्यात नोकरी मिळाली. पुढं आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखू लागलो. एका पोस्टकार्डानं दार उघडलं, तर गावातल्या एका पोरीनं पाना धरला म्हणून काय बिघडणार आहे? चार गावांच्या गिरण्या आणि पंप तिची वाट बघत असतील.

तर मैत्रिणींनो, या आठवड्याचं काम. ज्या गटाकडं इंजिन आहे त्यांनी येत्या बैठकीत वही सुरू करायची. पहिल्या पानावर इंजिनाचं मॉडेल, नंबर आणि घेतल्याची तारीख लिहायची. ऑइलची पट्टी काढून सगळ्यांनी बघायची, एकदा प्रत्येकीच्या बोटाला ते ऑइल लागू द्या. आणि मिस्त्री येईल तेव्हा चहा दुसरं कुणीतरी ठेवेल. तुम्ही अंगणात बसा.

नमस्कार.